फ्रँकफुर्टच्या मेळ्याचा शेवटचा दिवस: सोलापूरच्या टॉवेल निर्यातदारांसाठी

दरवर्षी जानेवारी लागला की सोलापुरातल्या टेरी टॉवेलच्या कारखानदारांपुढे तोच पेच उभा राहतो. इकडे सिद्धेश्वरांच्या यात्रेची लगबग सुरू झालेली असते, नंदीध्वज पेलण्याचा सराव रस्त्यांवर चाललेला असतो, आणि नेमक्या त्याच सुमारास जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात हाइमटेक्स्टील हा घरगुती वस्त्रांचा आंतरराष्ट्रीय मेळा भरतो. २०२५ साली तो १४ जानेवारीला, म्हणजे थेट संक्रांतीच्या दिवशीच सुरू झाला; २०२६ साली त्याच्या तारखा १३ ते १६ जानेवारी अशा होत्या. त्यामुळे निर्यात करणाऱ्या घरांतील एक-दोन माणसांना अक्षता सोहळा मोबाइलच्या पडद्यावर पाहावा लागतो, आणि तोही खरेदीदार समोर नसेल तरच.

या मेळ्याची पूर्वतयारी कशी करावी, स्टॉल कसा मांडावा, व्हिसासाठी कोणते कागद लागतात, याबद्दल बरीच माहिती मिळते. शेवटच्या दिवसाबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही, कारण तो दिवस म्हणजे आवराआवरीचा अशी एक समजूत रूढ झालेली आहे. अनेक वर्षे स्टॉलवर उभे राहिल्यानंतर माझे मत याच्या उलट झाले आहे. पहिल्या तीन दिवसांत व्हिजिटिंग कार्डे जमतात, चौकशा होतात. पण त्यांतल्या कोणत्या चौकशीची ऑर्डर होणार हे बहुतेक वेळा चौथ्या दिवशी आपण काय लिहून घेतो आणि काय लिहून देतो यावर ठरते. म्हणून हा लेख त्या एकाच दिवसापुरता आहे. आदल्या रात्रीपासून सुरुवात करून माल परत सोलापुरात येईपर्यंतच्या पायऱ्या त्यात क्रमाने दिल्या आहेत.

ज्यांचा पहिलाच दौरा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. फ्रँकफुर्टच्या जत्रेला सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२४० साली संरक्षणाचा हुकूम दिला होता, म्हणजे व्यापारासाठी माणसे तेथे जवळजवळ आठशे वर्षे जमत आहेत. हाइमटेक्स्टील त्या मानाने तरुण, १९७१ पासूनचा. मेळा मंगळवार ते शुक्रवार असा चार दिवस चालतो आणि त्यात केवळ व्यापारी लोकांना प्रवेश असतो. भारतीय प्रदर्शकांची संख्या शेकड्यांत असते, त्यामुळे आपल्या समोरच्या गल्लीत पानिपत आणि करूर ही आपल्याकडचीच वस्त्रोद्योगाची गावे, तर मागच्या बाजूला तुर्कस्तानातील टॉवेलचे शहर देनिझली, अशी स्थिती अनेकदा असते.

आदल्या रात्री: कार्डे, वही आणि साडेचार तास

गुरुवारी संध्याकाळी स्टॉल बंद करून हॉटेलवर परतल्यावर सर्वांनाच जेवून झोपावेसे वाटते. तरीही त्या रात्रीचे दोन तास राखून ठेवावेत. तीन दिवसांची सर्व कार्डे टेबलावर पसरावीत आणि प्रत्येक कार्डाचा वहीतील नोंदीशी मेळ घालावा. कार्ड आहे पण नोंद नाही, असे जे निघतील ते त्याच रात्री आठवणीने भरावेत. आठ दिवसांनंतर ‘हॅम्बुर्गचा उंच माणूस, निळा टॉवेल’ एवढ्यावरून काहीही उलगडत नाही. ज्यांनी ठरावीक आकार, वजन आणि संख्या सांगितली आहे ते एका गठ्ठ्यात, ज्यांनी केवळ कॅटलॉग नेला ते दुसऱ्यात. पहिल्या गठ्ठ्यात दहा-बारांपेक्षा जास्त कार्डे सहसा उरत नाहीत, आणि त्यात निराश होण्यासारखे काही नाही.

या दहा-बारा जणांपैकी प्रत्येकाचा एक प्रश्न अडलेला असतो. कोणाला विशिष्ट शेडचा रंग पक्का राहील का हे हवे असते, कोणाला जेकार्डच्या, म्हणजे विणीतच नक्षी काढणाऱ्या मागाच्या, बॉर्डरमध्ये आपले नाव विणून हवे असते, कोणाला बारा आठवड्यांऐवजी नऊ आठवड्यांत माल हवा असतो. हे प्रश्न रात्रीच सोलापूरला पाठवावेत. जानेवारीत फ्रँकफुर्टची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. तेथे रात्री दहाला पाठवलेला संदेश सोलापुरात अडीचला पोहोचतो आणि सकाळी डाइंग मास्तर कामावर येताच त्याला दिसतो. तेथे सकाळी नऊला मेळ्याची दारे उघडतात तेव्हा सोलापुरात दुपारचा दीड वाजलेला असतो, म्हणजे उत्तर शोधायला कारखान्याला अर्धा दिवस मिळालेला असतो. हेच संदेश शुक्रवारी दुपारी पाठवले तर सोलापुरात संध्याकाळ उलटून गेलेली असते, ऑफिसला कुलूप लागलेले असते, आणि यात्रेचे दिवस असल्यामुळे फोनही उचलला जाईलच असे नाही. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतील कारखान्यात एका जाणत्या माणसाला ‘शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत फोनजवळच थांबायचे’ असे आधीच सांगून ठेवलेले बरे.

त्याच रात्री पहिल्या गठ्ठ्यातील लोकांना दोन ओळींचा ईमेल पाठवावा: आपण विचारलेल्या गोष्टीचे उत्तर उद्या सकाळी अकरापर्यंत आमच्या स्टॉलवर तयार असेल. परतीचे विमान संध्याकाळचे असलेला खरेदीदार शुक्रवारी सकाळी एक फेरी मारतोच. त्या फेरीत आपल्या स्टॉलकडे वळण्याचे कारण त्याच्या हाती द्यायचे असते.

सकाळी: हाताळलेले टॉवेल बदलणे

टॉवेल हा हात लावून घेण्याचा माल आहे. तीन दिवस शेकडो बोटांनी चिमटलेला, कुरवाळलेला, खेचून पाहिलेला टॉवेल चौथ्या दिवशी मलूल दिसतो; पाइलचे लूप, म्हणजे टॉवेलवरचे धाग्यांचे उभे फासे, एका बाजूला झोपतात, पांढऱ्या टॉवेलच्या कडेवर करडी छटा येते. म्हणून ज्या पाच-सहा नमुन्यांवर सर्वाधिक बोलणी झाली, त्यांची दुसरी प्रत पिशवीबंद ठेवलेली असावी आणि शुक्रवारी सकाळी तीच हँगरवर चढवावी. याखेरीज त्या नमुन्यांची पाच वेळा धुतलेली प्रतही हाताशी ठेवावी. नवा टॉवेल सॉफ्टनरमुळे मऊ लागतो हे प्रत्येक मुरलेल्या खरेदीदाराला ठाऊक असते. धुतल्यानंतर तो किती आटला, लूप किती उघडले, पाणी किती झटकन शोषतो, हे दाखवणारा स्टॉल त्याच्या लक्षात राहतो.

माणसांची वाटणीही सकाळीच करावी. दोघे असतील तर दोघांनीही एकाच वेळी हॉल पाहायला जाऊ नये. शेवटच्या दिवशी ‘जरा तुर्कस्तानवाल्यांचा माल पाहून येतो’ म्हणून निघालेला माणूस दोन तास परतत नाही. खरे तर तो फेरफटका आवश्यकच असतो, पण तो सकाळी साडेनऊच्या आत किंवा जेवणाच्या वेळेत उरकावा.

जेवणाबद्दल एक अवांतर सूचना. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हा चार दिवस टिकणारा आणि स्टॉलच्या मागे उभ्याने खाता येणारा जगातील सर्वोत्तम डबा आहे, असे माझे ठाम मत आहे. मात्र युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. तेव्हा तुपातले लाडू, पेढे, खवा घरीच ठेवावेत.

कोण येते आणि त्याच्याशी काय बोलावे

शुक्रवारच्या गर्दीचा पोत वेगळा असतो. गर्दी कमी असते, पण जो येतो त्याच्याजवळ वेळ असतो.

सर्वांत मोलाचा तो पुन्हा आलेला माणूस. पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी त्याने आपल्याकडून दर घेतलेला असतो, नंतर देनिझलीचे, पाकिस्तानचे, पोर्तुगालचे दर घेतलेले असतात आणि आता तो तुलना करून आलेला असतो. त्याला ओळखणे सोपे आहे. तो स्टॉलभर नजर फिरवत नाही. सरळ एका हँगरकडे जातो, टॉवेलचा कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरून लूप चोळतो, मग टॉवेल उलटा करून बॉर्डरची शिवण पाहतो. त्या वेळी पुढे होऊन कंपनीचा इतिहास सांगू नये. वहीतील त्याचे पान उघडून त्याच्यासमोर ठेवावे आणि मंगळवारी काय बोलणे झाले होते ते वाचून दाखवावे. आपले बोलणे कोणीतरी नीट लिहून ठेवले आहे हे पाहिल्यावर माणूस खुर्चीवर बसतो. बसला की पुढचे काम दराचे.

दुसरा येतो तो लहान दुकानदार किंवा हॉटेलांना माल पुरवणारा. त्याला तीनशे-चारशे नग हवे असतात. रंगीत मालात एवढी लहान लॉट रंगवणे परवडत नाही, हे त्याला स्पष्ट सांगावे. परंतु पांढऱ्या टॉवेलात, जो आपण एरवीही विणत असतो, दुसऱ्या ऑर्डरबरोबर त्याचा माल बसवता येतो का ते पाहावे. ‘कळवतो’ म्हणून त्याला वाटेला लावणे ही आपली जुनी खोड आहे. नाही म्हणायचे असेल तर तेथेच म्हणावे, त्याला राग येत नाही.

तिसरा एजंट. तो सांगतो की अमुक देशातील सर्व मोठी दुकाने त्याच्या ओळखीची आहेत, आणि त्या संपूर्ण देशाचे हक्क त्याला एकट्याला मिळावेत. दुपारी तीनच्या सुमारास, पाय दुखत असताना आणि वही अपेक्षेपेक्षा कोरी असताना, हा प्रस्ताव फार गोड वाटतो. त्या दिवशी कोणालाही एकाधिकार लिहून देऊ नये. फार तर एका ठरावीक खरेदीदारापुरते आणि एका ऑर्डरपुरते कमिशन मान्य करावे आणि बाकीचे सोलापुरात गेल्यावर पाहावे.

रिकाम्या पिशव्या घेऊन फिरणारे नमुनेवालेही याच दिवशी उगवतात. ‘उद्या फेकूनच देणार ना?’ असा त्यांचा सूर असतो. या मेळ्यात स्टॉलवर किरकोळ विक्री करण्यास परवानगी नसते. तेव्हा पाच युरोला टॉवेल विकून जेवणाचा खर्च काढण्याचा मोह टाळावा. जेकार्डच्या नव्या डिझाइनचे मोबाइलवर फोटो काढणारेही असतात. त्यांच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा खरोखर नवे असलेले दोन-तीन नमुने दर्शनी भागात न लावता आतल्या कपाटात ठेवावेत आणि बसलेल्या खरेदीदारालाच दाखवावेत.

याच दिवशी पुढच्या वर्षीच्या जागेची चौकशीही करून घ्यावी. हॉलच्या नकाशावर आपल्या गल्लीतून माणसे कोणत्या दिशेने आली, कोणता कोपरा ओस पडला, हे चार दिवस उभे राहिलेल्या माणसालाच सांगता येते. एप्रिलमध्ये ऑफिसात बसून जागा निवडताना ते कोणालाच आठवत नाही.

दर लिहून देताना

येथे थोडे थांबून बोलावे लागेल, कारण आपले सर्वाधिक नुकसान याच कागदावर होते.

टेरी टॉवेलचा दर कारखानदार किलोवर धरतो आणि युरोपातील दुकानदार नगावर मागतो. दोन्हींच्या मध्ये जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरचे वजन, उभे असते. ७० बाय १४० सेंटिमीटरच्या बाथ टॉवेलचे क्षेत्रफळ ०.९८ चौरस मीटर होते. ५०० जीएसएमचा असा टॉवेल ४९० ग्रॅम भरतो. आता खरेदीदार ‘मला साडेचारशे ग्रॅमचा द्या’ म्हणाला, तर तो ४५० जीएसएम नव्हे, सुमारे ४५९ जीएसएम मागत असतो. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण एक उदाहरण घ्या. समजा किलोला ६ डॉलर असा दर धरला, म्हणजे ४९० ग्रॅमच्या टॉवेलचा नगाचा दर २ डॉलर ९४ सेंट झाला. मागावर पाइल थोडी उंच गेली, टॉवेल पाच टक्के जड निघाला, म्हणजे प्रत्येक नगामागे साडेचोवीस ग्रॅम जादा सूत गेले. वीस हजार नगांच्या ऑर्डरमध्ये हे जादा सूत ४९० किलो होते, आणि त्याचा एक सेंटही मिळत नाही. उलट पाच टक्के हलका निघाला तर खरेदीदार कपात मागतो. म्हणून दरपत्रकावर जीएसएमच्या बरोबरीने वजनातील फरकाची मर्यादा, म्हणजे अधिक-उणे किती टक्के, लिहिलीच पाहिजे. आमच्या एका दरपत्रकावर ही ओळ राहून गेली होती आणि त्या ऑर्डरचा नफा त्यातच गेला. तेव्हापासून छापील नमुन्यातच ती रकाना म्हणून टाकलेली आहे.

एक लहान वजनकाटा स्टॉलवर ठेवावा. खरेदीदाराने निवडलेला नमुना त्याच्यासमोर काट्यावर ठेवून आलेला आकडा त्याच्याच हाताने वहीत लिहवून घ्यावा. नमुना एक वजनाचा आणि ऑर्डर दुसऱ्या वजनाची, ही पुढची भांडणे त्यामुळे टळतात. नमुन्याचे दोन तुकडे करून दोन्हींवर त्याची सही घ्यावी, एक त्याच्याजवळ आणि एक आपल्याजवळ ठेवावा. सही केलेला हा तुकडा पुढे मास्तरच्या टेबलावर जो अधिकार गाजवतो, तो दहा ईमेलना नसतो.

त्याच कागदावर आणखी चार गोष्टी असाव्यात. दर किती दिवसांपुरता आहे हे लिहावे, कारण सुताचा भाव महिनाभर स्थिर राहील याची शाश्वती नाही. दर न्हावा शेवा बंदरात जहाजावर चढवून देण्याचा, म्हणजे एफओबी आहे, की खरेदीदाराच्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा धरून सीआयएफ आहे, हे स्पष्ट करावे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून युरोपात गेली आणि प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला. भाड्याचा असा झटका कोणी सोसायचा हे या तीन अक्षरांवर ठरते. माल पोहोचवण्याची मुदत देताना ती ‘आजपासून’ न देता ‘शेड आणि नमुना मंजूर झाल्यापासून’ अशी द्यावी. आणि पैसे कसे येणार, लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेच्या हमीवर, की साठ दिवसांच्या उधारीवर, हे अखेरीस नव्हे तर दराच्या शेजारीच लिहावे. उधारी असेल तर खरेदीदाराचे पूर्ण नाव, नोंदणीचा पत्ता आणि बँक तेथेच घ्यावी. परतल्यावर ईसीजीसीकडे, म्हणजे निर्यातीच्या उधारीचा विमा उतरवणाऱ्या सरकारी कंपनीकडे, त्या खरेदीदारावर पतमर्यादा मागताना हाच तपशील लागतो.

प्रमाणपत्रांचा विषय निघतोच. ओको-टेक्स (कापडात घातक रसायने नसल्याचे), गॉट्स (सेंद्रिय कापडाचे), कामगारविषयक ऑडिट यांपैकी जे हातात आहे त्याची प्रत दाखवावी. जे ‘होण्यात आहे’ ते होण्यात आहे असेच सांगावे. युरोपात काही अॅझो रंगांवर बंदी आहे, त्यामुळे रंगवणी बाहेरून करून घेत असाल तर तेथे कोणते रंग वापरले जातात याची लेखी माहिती आपल्याजवळ असणे भाग आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन आहे, हे मात्र आपले लोक सांगायला विसरतात. युरोपातील माणसाला चीज आणि वाइनमुळे ही कल्पना चांगली परिचयाची असते, आणि त्यावर दोन वाक्ये बोलली तर तो ऐकतो.

तीन वाजता खोकी उघडू नयेत

मेळ्याच्या नियमांनुसार अधिकृत वेळ संपण्यापूर्वी स्टॉल मोडता येत नाही. तरी दुपारी तीनपासून आजूबाजूला टेप ओढल्याचा आवाज येऊ लागतो, आणि तो आवाज संसर्गजन्य असतो. एका वर्षी आम्हीही त्याला बळी पडलो. सव्वातीनला निम्मे हँगर रिकामे केले. साधारण वीस मिनिटांनी, मेळ्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन गेलेल्या एक बाई परत आल्या आणि त्यांनी वॅफल बॉर्डरचा फिकट हिरवा टॉवेल पुन्हा पाहायला मागितला. तो कोणत्या खोक्यात गेला होता हे आम्हा दोघांनाही सांगता येईना. तीन खोकी फोडली, चौथ्यात तो सापडला, तेव्हा त्या घड्याळाकडे पाहत उभ्या होत्या. विमानाची वेळ झाली असे सांगून, ईमेल करते म्हणून त्या गेल्या. ईमेल आला नाही. चूक पूर्णपणे आमची होती.

तेव्हा शेवटच्या मिनिटापर्यंत हँगर भरलेले असावेत. त्याआधी करण्यासारखे एवढेच: कागदपत्रे, वही आणि सही केलेले तुकडे एका वेगळ्या बॅगेत घालून ती बॅग अंगावर ठेवणे. आवराआवरीच्या गोंधळात हॉलची दारे उघडी असतात, हातगाड्या फिरत असतात, आणि लॅपटॉप-मोबाइल चोरीला जाण्याची भीती याच तासात सर्वांत जास्त असते. फोन व लॅपटॉप दुपारीच पूर्ण चार्ज करून घ्यावेत, कारण बंद होण्याच्या वेळेनंतर स्टॉलची वीज कधीही तोडली जाऊ शकते.

रिकामी खोकी मेळ्याच्या अधिकृत वाहतूकदाराकडे ठेवलेली असतील तर ती लगेच मिळत नाहीत. आधी गल्ल्यांतील गालिचे गुंडाळले जातात, मग खोकी येऊ लागतात, आणि आपली पाळी यायला एक-दोन तास सहज लागतात. बाहेर तोवर अंधार पडलेला असतो आणि थंडी शून्याच्या आसपास असते. म्हणून त्याच रात्रीचे परतीचे विमान कधीही घेऊ नये, शनिवारचेच घ्यावे. दुसरा उपाय म्हणजे चार-पाच घडीची खोकी स्टॉलच्या कपाटातच ठेवणे. निदान महत्त्वाचे नमुने तरी वाट न पाहता भरता येतात. स्टॉल ज्या स्थितीत ताब्यात मिळाला त्या स्थितीत परत करायचा असतो. मागे राहिलेल्या कचऱ्याचे बिल नंतर येते, आणि ते युरोत येते.

नमुने परत आणताना

नमुने कोणत्या मार्गाने नेले होते यावर ते कसे परत येतील हे ठरते, आणि अनेकांची गाडी येथेच अडते.

एटीए कार्नेट या जकातीच्या कागदावर नेलेला माल हा जकात न भरता तात्पुरता नेलेला माल असतो. भारतात हे कार्नेट फिक्की या उद्योजकांच्या महासंघाकडून मिळते आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते. त्या यादीतील प्रत्येक नग परत आणावा लागतो. शेवटच्या दिवशी उदार होऊन त्यातील दोन टॉवेल कोणाला भेट दिले, तर ते यादीत कमी पडतात आणि त्यांवरील जकातीची मागणी आपल्यावर येते. म्हणून कार्नेटची खोकी आणि वाटण्याच्या नमुन्यांची खोकी यांना सुरुवातीपासूनच वेगवेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावाव्यात, आणि भरताना यादी हातात घेऊन एक माणूस वाचेल, दुसरा भरेल अशी पद्धत ठेवावी.

जर्मनीतून बाहेर पडताना कार्नेटच्या पांढऱ्या पानावर पुनर्निर्यातीचा शिक्का घ्यावा लागतो. माल वाहतूकदाराकडे दिला असेल तर तो हे करतो, पण पावती आणि शिक्क्याची प्रत मागून घ्यावी. माल बॅगेतून स्वतः नेत असाल तर विमानतळावर बॅग जमा करण्यापूर्वी कस्टमच्या खिडकीवर जावे लागते, कारण अधिकारी माल पाहायला मागू शकतो. त्यासाठी नेहमीपेक्षा दीड तास आधी पोहोचावे. मुंबईत उतरल्यावर पिवळ्या पानावर पुनरायातीचा शिक्का. हे दोन्ही शिक्के झाले म्हणजे कार्नेट सुटले.

वाटण्याचे नमुने कुरिअरने पाठवले असतील तर ते परत आणण्यात अर्थ नसतो. पुढच्या वर्षासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: युरोपीय संघात नगण्य किमतीच्या व्यापारी नमुन्यांना जकातमाफी मिळते, मात्र ते विकण्याजोगे राहू नयेत अशी अपेक्षा असते. पूर्ण टॉवेलऐवजी कापलेले स्वॉच, म्हणजे कापडाचे लहान तुकडे, किंवा कोपरा कापून न पुसणाऱ्या शाईने ‘नमुना, विक्रीसाठी नाही’ असे त्यांच्या भाषेत छापलेले टॉवेल पाठवले, तर सुटका सोपी होते आणि रिकाम्या पिशवीवाल्यांचा उत्साहही मावळतो.

त्या रात्री आणि त्यानंतर

हॉटेलवर पोहोचायला आठ-नऊ वाजतात. तरी पहिल्या गठ्ठ्यातील प्रत्येकाला त्याच रात्री एक ईमेल जावा: सही केलेल्या नमुन्याचा फोटो, आकार, वजन, दर, मुदत, आणि नमुना टॉवेल कोणत्या तारखेला रवाना होईल ते. सोमवारी सकाळी त्याच्या ऑफिसात मेळ्याहून आलेले शंभर ईमेल एकदम पडतात. आपला शनिवारी सकाळीच पोहोचलेला असावा. तारीख देताना पंधरा दिवस लागणार असतील तर वीस सांगावेत. यात्रेत निम्मी माणसे सुटीवर असतात हे त्या ईमेलमध्ये लिहिता येत नाही.

उरलेल्या युरोंचेही पाहावे. परतल्यापासून १८० दिवसांच्या आत न वापरलेले परकीय चलन बँकेत किंवा अधिकृत विक्रेत्याकडे परत करावे लागते; २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या दौऱ्यासाठी जवळ ठेवता येतात. खर्चाच्या पावत्या विमानातच तारखेवार लावल्या तर हिशेबनीसाचे शिव्याशाप वाचतात. थर्मल कागदावरची अक्षरे काही काळाने उडतात, म्हणून त्यांचे फोटोही घ्यावेत.

मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालेला माणूस सकाळी सोलापूर स्थानकावर उतरतो तेव्हा अंघोळीला घरी जाण्याआधी त्याने एक फोन डाइंगला करावा आणि एक जेकार्डच्या डिझाइनरला. सही केलेले तुकडे त्याच दिवशी कारखान्यात पोहोचले पाहिजेत. लॅब डिपला, म्हणजे रंगाचा लहान नमुना रंगवून पाहायला, चार दिवस, बीम, म्हणजे मागावर चढवायचा ताण्याचा रूळ, तयार व्हायला त्याच्या पुढचे काही दिवस, असा हिशेब केला की दिलेल्या तारखेला फारसे दिवस उरत नाहीत. शिक्के झालेले कार्नेट त्याच आठवड्यात फिक्कीला परत पाठवावे, म्हणजे तारण ठेवलेली रक्कम सुटण्याची प्रक्रिया सुरू होते. होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, त्यानंतरही बरेच दिवस चालू असतो, त्यामुळे मुलांना पाळण्यात बसवण्याचे राहिलेले काम त्या रविवारीही करता येते.